रंजीताची जागा

आंबे मी तोडले. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं जी हकीकत येणार आहे तीत मी अधूनमधून बरा माणूस वाटण्याची शक्यता आहे आणि तेवढी फसवणूक मला परवडणारी नाही.

मी ढोरांचा डॉक्टर. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टरची सावली. भामरागडच्या वाटेवरच्या जंगलात सावलीला तोटा नाही, डॉक्टरला आहे. म्हणून लोक मलाच डॉक्टर म्हणतात. बैलाला सुई टोचता येते एवढ्या भांडवलावर मला बायाबापड्यांनी जिभा दाखवल्या, पोटं दाखवली, एका म्हातारीनं तर दात हातात आणून दिला आणि म्हणाली, "लावून दे." मी सगळ्यांना एकच सांगत आलो, की बाई, मी चार पायांचा. त्यावर ते म्हणतात, "मंग आमाले अर्धी सुई दे."

तर मार्चातली गोष्ट. वेडमटोल्याला गेलो होतो. अठ्ठावीस घरांचं माडियांचं गाव. जंगू पुंगाटी मोहफुलं वेचायला गेला होता आणि त्याची बायको रंजीता पडवीत बाजेवर पडलेली होती. फेब्रुवारीत तिला चंद्रपूरला नेलं, तेव्हा पोटातली गाठ पाहून तिथल्या डॉक्टरांनी कागदावर बरंच काही लिहिलं होतं आणि तोंडानं एवढंच सांगितलं होतं, "घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला." आवडेल ते खाऊ घाला, याचा अर्थ कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

पाच दिवस तिच्या पोटात काही टिकलं नव्हतं. मी विचारलं, "बाई, काय खावंसं वाटते?"

तिनं कौलांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आंबट."

घरामागं आंब्याचं झाड होतं. कैऱ्यांनी वाकलेलं. मी ब्रह्मपुरीकडचा माणूस. वर कैरी आणि खाली काठी दिसली की आम्हाला शासन निर्णय लागत नाही. चार पाडल्या. खिशातल्या चाकूनं सोलल्या, चुलीजवळचं मीठ घेतलं, तिखट घेतलं आणि फोडी करून तिच्या पुढ्यात ठेवल्या.

"नको डाक्टर," ती म्हणाली, "अजून पंडुम नाई झाला."

पंडुम म्हणजे सण, एवढं मला माहीत होतं. म्हणजे त्या दिवशी कोणी लसीकरणाला ढोरं आणत नाही, एवढंच माहीत होतं. मी म्हणालो, "सणाचं सणाच्या दिवशी पाहू बाई. आधी तोंडाला चव येऊ द्या." आणि फोड तिच्या हातात ठेवली. तिनं ती हातात किती तरी वेळ धरून ठेवली. मग खाल्ली. मग दुसरी. पाच दिवसांनी त्या बाईच्या पोटात काहीतरी राहिलं आणि मी स्वतःवर इतका खूश झालो, की परतताना मोटारसायकलवर गाणं म्हणत होतो.

नव्या आंब्याला गावानं मिळून एका दिवशी धरतीपुढं ठेवायचं, आणि मग सगळ्यांनी खायचं. त्याआधी गावातलं शेंबडं पोरसुद्धा पडलेली कैरी उचलत नाही. मोहाचं तसंच, नव्या भाताचं तसंच. आधी जिची आहे तिला, मग आपल्याला. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यामागं जंगू घरी आला, त्यानं सालं पाहिली, गोळा केली आणि मागच्या परसात पुरली. पण त्याच्याआधी त्याच्याच कोंबडीनं एक लांब साल चोचीत धरून थेट गावाच्या बोरिंगवर नेली होती. बोरिंगवर त्या वेळी सहा बाया होत्या. वर्तमानपत्रालासुद्धा इतका खप मिळत नाही.

आता जंगू कोण, ते सांगायला हवं.

जंगू बुटका, रुंद, चाळिशीचा. लसीकरणाला माझा जनावर धरायचा माणूस. बैल कितीही मारका असो, जंगू त्याच्या मानेवर हात टाकून कानाशी तोंड नेई आणि काहीतरी पुटपुटे. बैल गार. मी एकदा विचारलं, "काय सांगतोस रे त्याला?"

"प्रार्थना करतो."

"बैल ख्रिस्ती झाला म्हणजे?"

"होऊ द्या ना. नांगर त त्याले तसाबी ओढाच लागते."

गावात ख्रिस्ती घर जंगूचंच. अजून दोन घरं रविवारी त्याच्या अंगणात येऊन बसत, पण ती काठावरची. रंजीता लहानपणी मिशनच्या वसतिगृहात सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आली ती पेटीत दोन लुगडी आणि बायबल घेऊन. तिनं संध्याकाळी वाचायचं आणि जंगूनं ऐकायचं, असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी जंगू तिला म्हणाला, "हा मानूस मले पटला." येशूबद्दल. एखाद्या सोयऱ्याबद्दल बोलावं तसं. त्याला अक्षर येत नाही. पण ऐकलेलं सगळं पाठ.

त्याची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. आलापल्लीहून महिन्यातून एकदा येणारे पास्टर दिनेश डोळे मिटून, आवाज खाली आणून, शुद्ध मराठीत प्रार्थना करीत. जंगू मात्र अंगणात उभा राहून देवाशी रेशन दुकानदाराशी बोलावं तसं बोले. माडियात बोले, पण नंतर मला सांगे. "बोरिंगचा वायसर गेला म्हणलं. मेंबर ऐकत नाई, तू सांगून पाह्य. काळी शेळी लंगडून राह्यली. अन् डाक्टरले बढती दे, तो बी लंगडूनच राह्यला." ढोलकी तोच वाजवी. तरुणपणी गोटुलात, गावातल्या तरुणांच्या घरात, रात्रंदिवस ढोल वाजवलेला हात. येशूच्या गाण्यालाही तोच ठेका. पास्टर म्हणत, "जंगूभाऊ, जरा गंभीर वाजवा." जंगू म्हणे, "गंभीरच हाय पास्टर, पाय तुमचे हालून राह्यले."

आणि नऊ वर्षं, ख्रिस्ती झाल्यावरही, जंगूनं पंडुमच्या आधी आंबा खाल्ला नव्हता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पास्टरांनी तर म्हटलं होतं, "आता तुम्हाला बंधन नाही." जंगूचं म्हणणं वेगळं होतं. "येशूले चालते. पर शेजाऱ्याले चालत नाई ना. चार हप्ते आंबा नाई खाल्ला त मी का मरतो?" गावाच्या पंडुमला तो पूजेत बसत नसे; पण पूजा आटोपली, की झिंगू पेरमा स्वतः पहिल्या चार आंब्यांतला एक त्याच्या घरी पाठवी. पेरमा म्हणजे गावाचा पुजारी. सत्तरीचा वाळका म्हातारा, जंगूच्या बापाचा मित्र. जंगूनं देव बदलला तेव्हा त्यानं दोन पावसाळे त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मग आपणच एके दिवशी येऊन तंबाखू मागितला. अशा एका आंब्यावर आणि चिमूटभर तंबाखूवर त्या दोघांचा सात वर्षांचा तह उभा होता. तो मी खिशातल्या चाकूनं सोलला.

सहाव्या दिवशी दुपारी गारा पडल्या. लिंबाएवढ्या. मोहाची फुलं झाडाखाली चिखलात गेली, आंबा झडून गेला. मोह गेला म्हणजे इथल्या घरातलं अर्धं वर्ष गेलं. गाव झिंगू पेरमाच्या अंगणात बसला आणि जंगूला बोलावलं.

"पंडुमच्या आधी आंबा तुझ्या घरी खाल्ला?"

"खाल्ला."

"तोडला कोनं?"

जंगूनं जमिनीकडं पाहिलं. "माझ्या घरी खाल्ला ना? मंग माझाच."

मी तेव्हा तिथं नव्हतो. मी गावी, पुतणीच्या लग्नात, पंगतीत जिलबी वाढत होतो. एप्रिल संपता संपता परत आलो, घटसर्पाची लस घेऊन वेडमटोल्याला गेलो, तर बैल धरायला जंगू नाही. "जंगू कुठी हाय?" तर कुणी बोलेना. शेवटी एक मारका गोऱ्हा मीच धरला. त्यानं माझ्या मांडीवर असा खूर ठेवला, की पुढले चार दिवस मी खरोखरच लंगडत होतो. बढतीची प्रार्थना अर्धी ऐकली गेली म्हणायची.

मांडी चोळत जंगूच्या घरी गेलो. अंगणात ढोलकी खुंटीला होती. ती दोन काठावरची घरं गारांनंतर रविवारी यायची थांबली होती. बोरिंगवर जंगूला कुणी अडवत नव्हतं. तो आला, की बाया हंडे उचलून बाजूला होत, एवढंच. त्यानं सगळं मला सांगितलं ते गेल्या आठवड्याचा बाजारभाव सांगावा तसं. मी म्हणालो, "अरे, मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमाले गावात परत या लागते. ढोरायले सुई कोन देईल?"

"आणि तुला काय दंड केला?"

"दंड नाई केला." त्यानं आत पडवीकडं पाहून आवाज खाली आणला. "रंजीताची जागा गेली, डाक्टर."

नाल्यापलीकडं सात मोहाच्या झाडांखाली गावाची माती द्यायची जागा आहे. उभे दगड लावलेले. तिथं जंगूची पोरगी आहे, रोशनी. चार वर्षांपूर्वी सहा वर्षांची होऊन डोक्यात चढलेल्या तापानं गेली. रंजीताला चंद्रपूरच्या डॉक्टरांचं बोलणं कळलं त्या दिवसापासून तिनं देवाकडं आणि नवऱ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. मला पोरीच्या बाजूला ठेवा.

पण त्या जागेची एक रीत आहे. तिथं जे झोपलेत त्यांना विचारल्याशिवाय कुणाला झोपवायचं नाही. घरच्या पुरुषानं कोंबडा घेऊन जायचं, तो वाहायचा आणि विचारायचं, ही आमची आहे, हिला घेता का? जंगू हे करीत नाही. त्याच्या विश्वासात बसत नाही. रोशनीच्या वेळी झिंगू पेरमा त्याला म्हणाला होता, "तू घरी थांब. मी विचारून येतो." स्वतःच्या घरचा कोंबडा घेऊन गेला आणि जंगूच्या वतीनं विचारून आला. कुणी काही बोललं नव्हतं. रंजीताच्या वेळीही तो तेच करणार होता. आता गाव म्हणत होता, आजवर दुसऱ्यानं विचारायची लपवाछपवी केली म्हणून धरती रागावली. यापुढं ज्याचं त्यानं विचारावं.

मी तसाच लंगडत पेरमाच्या अंगणात गेलो. म्हातारा दोर वळत बसला होता.

"पेरमाभाऊ, ते आंबे मी तोडले."

"ठाऊक हाय."

"कसं काय?"

"झाड उंच हाय. जंगू त्या दिवशी मोहात होता. त्याच्या बायकोले उठवत नाई. अन् झाडाखाली बुटाचे ठसे होते." त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. "आमच्या गावात बूट कोनाले हाय?"

मी ओशाळलो. मग चिडलो. "मग शिक्षा मला करा ना!"

"तुमी बाहेरचे. तुमचं आमचा देव मनावर नाई घेत. पर तिनं खाल्ला. तिले ठाऊक होतं."

"भाऊ, मरत्या बाईनं आंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या!"

तो दोर वळायचा थांबला. "मी एकटा असतो त सोडलं असतं. पोरीच्या वेळी सोडलंच ना? पर आता अठ्ठावीस घरचा मोहा गेला. लोक मले म्हणतात, झिंगू, तुह्यामुळं झालं." दोर खाली ठेवून म्हणाला, "अन् खरं सांगू? मले बी तसंच वाटते."

दांभिक माणसाशी भांडता येतं. हा तर रडवेला होऊन खरं सांगत होता.

"जंगूले सांगा," तो म्हणाला, "एक डाव यावं. कोंबडा आणावा, आपल्या तोंडानं विचारावं. मी वाट पाहून राह्यलो."

पास्टर दिनेश मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आले. प्रार्थनेला जंगू, मी आणि कोंबड्या. मी टाळ्या चुकीच्या ठिकाणी वाजवल्या. पास्टर चांगला माणूस. त्यांनी तोड काढली, की वेळ आलीच तर टेम्पो करू आणि आलापल्लीकडं आपली ख्रिस्ती लोकांची जागा आहे तिथं नेऊ. साठ-सत्तर किलोमीटर. रंजीतानं बाजेवरून ऐकलं आणि म्हणाली, "तिथी मी कोनाले वळखत नाई."

पास्टरांनी परत तो विषय काढला नाही.

त्यानंतर दर आठवड्याला मी काही ना काही निमित्त काढून वेडमटोल्याला जात होतो. त्या गावातल्या शेळ्यांची जेवढी तपासणी त्या मे महिन्यात झाली तेवढी पुढल्या दहा वर्षांत होणार नाही. आणि प्रत्येक वेळी जंगूची प्रार्थना आखूड झालेली दिसे. आधी तो उभं राहून देवाला सगळं सांगायचा. गाठ किती वाढली, कुठल्या कुशीवर झोपवतं, जागेचं काय करायचं. मग वायसर, शेळी, मेंबर हे सगळे एकेक करून त्यातून गेले. मग फक्त "दुखणं कमी कर" एवढं उरलं. दुखणं वाढलं. चंद्रपूरच्या गोळ्या दोन घेतल्या तर उलटून पडत, एक घेतली तर पुरत नसे. ती ओरडत नसे. बाजेची दोरी दातात धरी. मी एकदा गेलो तेव्हा दोरीचा तो पदर कुरतडून तुटला होता आणि जंगू खाली बसून तिथं नवा ओवत होता.

ओवता ओवता त्यानं विचारलं, "बैलाले देता ती सुई देऊन पाहा ना."

"नाही जमत जंगू."

"तो बैल नाई का ओरडत होता, शिंग मोडलेला? तुमी सुई दिली, अन् झोपला."

"ते औषध माणसाला नाही चालत रे. मरेल ती."

तो माझ्याकडं पाहत राहिला. मला माझंच वाक्य ऐकू आलं. बॅगेचं कुलूप लावलेलं होतं तरी मी ती उचलून माझ्या मागं ठेवली. इतकी वर्षं मी लोकांना हसत हसत सांगत आलो होतो, की मी चार पायांचा. त्या दिवशी त्या वाक्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

"तू देवाला विचारलंस?" मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"रोज."

"मग?"

"काई नाई म्हणत."

पुढल्या वेळी तो प्रार्थनेला उभा राहिला आणि तोंडातून काहीच आलं नाही. हात जोडून नुसता उभा. मी मनात शंभर मोजले, मग सोडून दिलं. नंतर तो येऊन रंजीताजवळ बसला आणि म्हणाला, "तूच सांग. नेऊ का कोंबडा?"

ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "मले इचारू नोको. ने म्हणलं, त तू नेशील. नोको म्हणलं, त तू जलमभर म्हणशील, पोरीजवळ ठेवली नाई, तिचंच मन नोतं."

"मंग मी का करू?"

"मले काय ठाऊक. मी त जाऊन राह्यली." मग जरा हसल्यासारखं करून, "पानी दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गावात शिरलो, तर जंगू काखेत तांबडा कोंबडा धरून पेरमाच्या घराकडं चाललेला. अंगावर धुतलेला सदरा. माझ्याकडं पाहिलं नाही. मी गाडी वळणावर उभी केली आणि तिथूनच पाहत राहिलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सुटलो, म्हटलं. एक कोंबडा, चार शब्द. बाई पोरीजवळ जाईल आणि माझ्या मानेवरचा तो आंबा एकदाचा उतरेल. देवाचं काय, देव समजूतदार असतो, असं मी त्याच्या वतीनं ठरवूनही टाकलं.

पेरमानं त्याला पाहिलं. म्हातारा इतक्या घाईनं उठला, की दोराचा गुंडा घरंगळत गेला. त्यानं आतून चटई आणून अंथरली. हातानं झाडली. म्हाताऱ्यानं जंगूला जवळ घेतलं; तो मात्र चटईच्या कडेलाच उभा राहिला. दोघं बोलत होते की नाही, इतक्या लांबून कळेना. बराच वेळ गेला. मग जंगू वळला आणि कोंबड्यासकट परत आला.

"काय झालं रे?"

त्याचा चेहरा मार खाल्लेल्या माणसासारखा होता. "तो खूश झाला, डाक्टर. चटई टाकली त्यानं माह्यासाठी. मले जवळ घेतलं. म्हणे, आलास ना पोरा. रडाले आला म्हातारा."

"मग?"

"मंग मले खोटं बोलवलं नाई." कोंबडा फडफडला, त्यानं तो सोडून दिला. "देवाशी बोललो असतो खोटं. तो मोठा हाय, त्याले सवय हाय. पर झिंगूदादाले कसं फसवू? तो त खरंच मानते."

मी त्याला समजावलं. शिव्याही दिल्या. म्हणालो, "तुझ्या खऱ्याखोट्यापायी त्या बाईचा जीव अडकलाय." हे बोलायला नको होतं. तो घरात गेला आणि रंजीताला सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. ती रागावली होती की रडत होती, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही, आणि मला वाटतं तेच जंगूला आजवर टोचत असणार.

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. मी गावात होतोच. निरोप पाठवून पास्टरांना बोलावलं. ते निघालेही, पण रस्त्यावर सूरजागडकडच्या खनिजाच्या ट्रकांची रांग अडकली होती आणि ते त्या रांगेत कुठंतरी मागं होते. मे महिन्याचं ऊन थांबत नाही. दहा वाजता जंगू म्हणाला, "चला."

त्याचं शेत नाल्याच्या अलीकडच्या काठाला. शेताच्या ज्या कोपऱ्यातून ती सात झाडं दिसतात तो कोपरा त्यानं निवडला. मधे कोरडा नाला. मोजून दोनशे पावलं. आम्ही दोघंच खणत होतो, सब्बल आणि कुदळ. धानाची जमीन मे महिन्यात तव्यासारखी असते. सब्बल मारली, की ठिणगी उडे आणि मूठभर ढेकूळ निघे. ढोरांच्या डॉक्टरचे हात दहा मिनिटांत फुटले. जंगू एका लयीत मारत होता. मी थांबलो तरी थांबत नव्हता.

कमरेइतकं खोल झालं तेव्हा पलीकडून आवाज आला. मान वर करून पाहिलं. गावातल्या बाया नाल्याच्या त्या काठावर येऊन बसल्या होत्या. सगळ्या. त्यांच्या रितीप्रमाणं त्या मेल्या माणसाचं नाव घेऊन गात रडत होत्या. रंजीता कुठून आली, कुणाची लेक, कशी हसायची, कुणाच्या बाळंतपणात रात्रभर जागली. झिंगू पेरमा त्यांच्या मागं झाडाला टेकून उभा होता. खरंखुरं रडत होते ते लोक. आणि एकही जण नाला उतरून अलीकडं आला नाही.

जंगूनं एकदा तिकडं पाहिलं. मग परत सब्बल मारली.

तिला आम्ही दोघांनी उतरवलं. हलकी झाली होती, पोरीएवढी. जंगू कडेला उभा राहिला, हात जोडले. मी टोपी काढली. एवढ्या प्रार्थना केलेला माणूस, ज्यानं बैलाच्या कानात आणि शेळीच्या नावानं देवाला सतावलं, तो आता काय म्हणेल म्हणून मी कान देऊन उभा होतो.

"बापा," तो म्हणाला. मग किती तरी वेळ काहीच नाही. पलीकडचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

"ही रंजीता."

आणि त्यानं माती लोटायला घेतली.

सगळं झालं तेव्हा डोक्यावर ऊन होतं. बाया उठून गेल्या होत्या. पास्टर अजून पोचले नव्हते. आम्ही बांधावर बसलो, पाणी संपलेलं. माझ्या हातांतून रक्त येत होतं, आणि एवढ्या दिवसांची लाज कुजून तिचा राग झाला होता. तो स्वतःवर काढता येत नाही म्हणून मी दुसऱ्यावर काढला.

"जंगू, खरं सांग," मी म्हणालो. "तीन महिने तू त्याला मागत होतास. दुखणं कमी कर म्हणालास, वाढलं. जागा दे म्हणालास, गेली. आज तर माती द्यायलासुद्धा माणूस मिळाला नाही. कुठं होता रे तुझा देव?"

तो सब्बलीची माती बोटानं खरवडत होता. माझ्याकडं न पाहताच म्हणाला,

"इथीच होता डाक्टर, तुमच्यासारखाच, काई कामाचा नाई, पर गेला बी नाई."